वगळलेली पानं

पोलीस आले तेव्हा मी ऑफिसचा डबा भरत होते. नेदरलँड्समध्ये ब्रेडा गावातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला होतं, त्यामुळे दोन गाड्या येऊन थांबल्या त्या मला आधी दिसल्या. उजाडायला अजून अवकाश होता. चार माणसं उतरली, दारापाशी आली आणि त्यांनी एकदाच बेल वाजवली, शेजाऱ्यांचं पार्सल द्यायला कुणी यावं तशी.

माझा धाकटा भाऊ नुकताच उठला होता. त्यांनी त्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट वाचलं. उच्चार चुकला तेव्हा माफी मागितली. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला इंग्रजीत सांगितलं, "याला आम्ही अटक करतोय. तुमच्याविरुद्ध काही नाही. तुम्ही बसा." आणि मी खरंच बसले.

ते घर तपासत होते तेही शांतपणे. कपाटातले कपडे काढून पुन्हा घडीवर घडी ठेवत होते. पॅसेजमधली माझी सायकल एकाने उचलून हलकेच बाजूला केली, भिंतीला ओरखडा पडू नये म्हणून. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला निदान रडू तरी आलं असतं. इतक्या सावकाश काम करणाऱ्या माणसांना घाई नसते, कारण त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं, असं मला वाटून गेलं.

भावाने बूट घातले आणि मराठीत म्हणाला, "ताई, काहीतरी घोळ झालाय यांचा. संध्याकाळपर्यंत येतो मी. ऑफिसला तेवढं कळव."

नेदरलँड्सला मी त्याच्या आधी आले होते. आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या मशीनचे भाग तयार होतात, त्यातलं सॉफ्टवेअर तपासण्याचं माझं काम. भाऊ नंतर आला आणि त्याला रॉटरडॅमला नोकरी लागली. ब्रेडा दोन्हीच्या मधलं, म्हणून आम्ही तिथे घर घेतलं. सकाळी स्टेशनवर आमचे प्लॅटफॉर्म वेगळे व्हायचे. मी एका दिशेला, तो दुसऱ्या. नागपूरला आई एकटी. रोज संध्याकाळी विहारातून परतली की ती व्हिडिओ कॉल करायची आणि आम्ही काय जेवलो ते कॅमेऱ्यात दाखवायला लावायची.

भावाची कंपनी लहान होती. बंदरात उतरलेला कुठला कंटेनर कुणाच्या ट्रकवर कधी चढेल, हे ते ठरवायचे. प्रत्येक कंटेनरला एक कोड असतो. ट्रक-ड्रायव्हरने तो कोड गेटवर दिला की कंटेनर मिळतो, बाकी कुणी काही विचारत नाही. भाऊ दिवसभर असे कोड बघायचा आणि पुढे पाठवायचा. "बँकेच्या लॉकरच्या किल्ल्या वाटतो मी," तो हसून म्हणायचा.

त्याच्या शेजारच्या टेबलावर एक डच माणूस बसायचा. साठीला आलेला, उंच, जाड भिंगांचा चष्मा. त्यानेच भावाला सगळं काम शिकवलं. भाऊ आमच्यात त्याला काका म्हणायचा. काका दोन-तीनदा आमच्याकडे जेवायलाही आला होता. थालीपीठ त्याला इतकं आवडलं की त्याने कृती लिहून घेतली. भावाच्या ऑफिसातला माझ्याकडे तेवढाच नंबर होता, म्हणून त्या सकाळी मी त्यालाच फोन केला.

"त्याला पोलीस घेऊन गेले," मी म्हणाले.

मग त्याने विचारलं, "ब्रेडाचे पोलीस की रॉटरडॅमचे?"

"माहीत नाही."

"काय काय नेलं?"

"लॅपटॉप. फोन. त्याची ऑफिसची बॅग."

"बरं," तो म्हणाला. "काळजी करू नकोस. शनिवारी येतो मी."

भाऊ संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी एका वकीलबाईंचा फोन आला. सरकारतर्फे त्याला मिळालेल्या वकील. मी अर्धी रजा टाकून त्यांच्या रॉटरडॅमच्या ऑफिसात गेले. चाळिशीच्या असतील. पावसातून सायकलने आलेल्या, रेनकोटमधून पाणी ठिबकतंय, आणि तशाच उभ्या उभ्या माझ्याशी बोलल्या.

"तो बरा आहे. जेवतोय, झोपतोय. एवढंच मी सांगू शकते."

"त्याच्यावर आरोप काय आहे?"

"तेही मला सांगता येणार नाही. सरकारी वकिलांनी त्याच्यावर निर्बंध घातलेत. तो माझ्याशिवाय कुणाशी बोलू शकत नाही, आणि तो जे बोलतो किंवा फाइलमध्ये मी जे वाचते, ते मी कुणाला सांगू शकत नाही. बहिणीलाही नाही. सांगितलं तर माझी सनद जाऊ शकते."

"हे किती दिवस?"

"तपास संपेपर्यंत. किंवा ते उठवतील तेव्हा."

मी त्यांच्याकडे भावाचे धुतलेले कपडे दिले. त्यांनी पिशवी घेताना माझा हात क्षणभर धरला, तेवढंच. खाली रस्त्यावर ट्राम, ऑफिसला जाणारी माणसं, सगळं रोजचं. मला मात्र वाटत होतं, या शहरात कुठल्या तरी इमारतीत एका टेबलावर माझ्या भावाबद्दल लिहिलेली पानं पडलेली आहेत, ती अनोळखी माणसं वाचतायत, आणि मला त्यातली ओळही ठाऊक नाही.

आईपासून लपवणं शक्य नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली तरी बोलण्यात ती शिस्त राहिली होती.

"त्यांच्याजवळ जे काही आहे ते त्याला दाखवतात ना?" तिने विचारलं.

"वकिलांना फाइल देतात, आई."

"सगळी?"

"माहीत नाही."

"सगळी नसेल, तर कुठली द्यायची ते कोण ठरवतं?"

"सरकारी वकील ठरवत असतील."

"म्हणजे जो आरोप करतो तोच निवडतो," ती म्हणाली. "बेटा, हे बरं नाही."

काका शनिवारी आला. येताना संत्र्यांची पिशवी घेऊन आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या दिवसांत आमचे ओळखीचे मराठी लोकही फोन करायचे थांबले होते. ऑफिसातलं कुणी काही विचारायचं नाही, पण मी कॉफी मशीनपाशी गेले की बोलणं बंद पडायचं. काका एकटाच येत होता. त्याच्याकडूनच मला पहिल्यांदा कळलं की प्रकरण कोकेनचं आहे. फळांच्या कंटेनरमध्ये माल आला होता, तो कंटेनर भलत्याच ट्रकने बंदराबाहेर नेला, आणि त्याचा कोड भावाच्या लॉगिनमधून पाहिला गेला होता.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"पोलीस ऑफिसात आले होते. सगळ्यांना विचारलं त्यांनी." मग चमच्याने चहा ढवळत म्हणाला, "तो त्यांना काय सांगतोय, काही कळलं का?"

"मला काहीच सांगत नाहीत."

"वकील?"

"त्याही नाही."

त्याने मान हलवली. नंतर मागच्या शेडमध्ये जाऊन भावाच्या सायकलचं पंक्चर काढलं, साखळीला तेल दिलं. जाताना विचारलं, "ऑफिसची काही वस्तू राहिलीय का इथे? जुना फोन, पेन ड्राइव्ह? असेल तर मी परत नेऊन देतो. उगाच तुला त्रास नको."

"सगळं नेलं त्यांनी," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारीही तो आला. त्याच्या पुढच्याही. प्रश्न तेच असायचे, फक्त विचारायची पद्धत बदलायची. मी त्याच्यासमोर चहा ठेवायची आणि मला जे माहीत नव्हतं ते त्याला सांगू शकायची नाही. एकदा तो गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं, तर तो गाडीत बसून राहिला होता. गाडी सुरू न करता, आमच्या दाराकडे बघत. मी पडदा ओढला आणि स्वतःवरच चिडले. एवढं करणाऱ्या माणसाबद्दल आपण हे काय मनात आणतोय, असं वाटलं.

निर्बंध उठले तेव्हा झाडांची पानं सगळी गळून गेली होती. वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं आणि या वेळी बसायला खुर्ची दिली. टेबलावर एक जाड फाइल होती.

"आता सांगू शकते," त्या म्हणाल्या. "पण आधी एक. कंपनीतल्या कुणाशीही या केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कुणाशीही. कारण विचारू नका, मलाच नीट माहीत नाही."

मग त्यांनी समजावलं. दुपारच्या वेळी भावाच्या कॉम्प्युटरवरून त्या कंटेनरचा कोड उघडला गेला होता. त्यानंतर थोड्याच वेळात तो कोड चोरांच्या फोनवर पोहोचला. पोलिसांनी त्या फोनचं लॉक तोडून त्यातले मेसेज वाचले होते. "ऑफिसातून काम झालं," असा एक मेसेज होता. फाइलमध्ये असे निवडक मेसेज छापलेले होते, आणि ते वाचले की माझा भाऊच तो माणूस, याबद्दल कुणालाही शंका राहू नये.

"पण हे बघा," त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. प्रत्येक मेसेजच्या आधी क्रमांक होता. कंटेनरबद्दलचं बोलणं सुरू होत होतं, मग क्रमांक एकदम बरेच पुढे उडी मारत होते. "मधले कुठे आहेत? मी पत्र लिहून विचारलं. सरकारी वकिलांचं उत्तर आलं, तुमच्या अशिलाशी त्यांचा संबंध नाही."

"मग नसेल संबंध."

"कदाचित नसेल," त्या म्हणाल्या. "पण संबंध आहे की नाही हे मला वाचल्याशिवाय कसं कळणार? ते ज्याला आरोपी समजतात त्याच्या विरोधात जाणारं त्यांना लगेच दिसतं. त्याच्या बाजूचं दिसायला कुणीतरी त्याच्या बाजूने वाचावं लागतं."

त्याच आठवड्यात मी भावाला भेटले. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत लांबलचक टेबल, मध्ये हातभर उंचीचं पार्टिशन. पलीकडे एक बाई आपल्या नवऱ्याला बाळ दाखवत होती. भाऊ बारीक झाला होता आणि दाढी ठेवली होती. पहिलं वाक्य बोलला ते, "आई कशी आहे?"

मी सांगितलं. मग म्हणाले, "तुला काय विचारतात ते?"

"सुरुवातीला सारखं एकच. कोणासाठी केलंस. पान पुढे सरकवतात आणि वरचा भाग हाताने झाकून ठेवतात, ताई. खरंच. मी म्हणालो, वरचं वाचू द्या, त्याशिवाय मला काय कळणार. तर म्हणतात, तू एवढ्याबद्दलच सांग." तो थांबला. "मग मागच्या वेळी वेगळंच विचारलं. जेवायला जाताना कॉम्प्युटर लॉक करतोस का? तुझा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे? तुझ्या शेजारी कोण कोण बसतं? आणि माझ्या उत्तरावर दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होते."

"तू काय सांगितलंस?"

"खरं ते. बहुतेक वेळा करतो लॉक. आणि पासवर्ड पहिल्या महिन्यात काकाने सेट करून दिला होता, तोच अजून आहे."

तोच संशय आम्हा दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आला असावा, पण तिथे, पहारेकऱ्यासमोर, मराठीत बोलत असूनही, तो उच्चारायची हिंमत झाली नाही.

"तो अजून येतो का घरी?" भावाने शेवटी विचारलं.

"दर शनिवारी."

भाऊ पार्टिशनकडे पुढे झुकला. "ताई," तो म्हणाला, "एकदम बंद नको करूस. त्याला कळेल."

म्हणून मी बंद केलं नाही. पुढच्या शनिवारी बेल वाजली आणि मी दार उघडलं. हाताला काम हवं म्हणून कणीक मळायला घेतली. तो समोर खुर्चीत बसला.

"आता भेटता येतं ना त्याला?" त्याने विचारलं. "काय म्हणतो?"

"रडतो," मी म्हणाले. "आईची आठवण काढतो. बाकी काही बोलतच नाही."

"आमच्याबद्दल? टीमबद्दल?"

"नाही."

त्याने चष्मा काढून पुसला. भिंगांशिवाय त्याचे डोळे लहान दिसत होते. माझ्याकडे तो इतका वेळ बघत राहिला की मला कणकेतून हात काढता येईना. मग म्हणाला, "तू खूप शांत बाई आहेस." मी त्याला चहा दिला आणि त्याने तो शेवटपर्यंत प्यायला.

कोर्टातली पहिली सुनावणी हिवाळ्यात झाली. तीन न्यायाधीश, खाली बाजूला भाऊ, त्याच्यामागे दोन पोलीस. सरकारी वकील माझ्या वयाचा एक माणूस होता, स्वच्छ, सौम्य आवाजाचा. वकीलबाईंनी मधल्या मेसेजची मागणी केली. त्याने उठून उत्तर दिलं, "या संशयिताच्या दृष्टीने महत्त्वाचं ते सगळं फाइलमध्ये आहे."

"महत्त्वाचं काय, हे कोणी ठरवलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी," तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. वस्तुस्थिती सांगावी तसं सांगितलं त्याने.

मधल्या न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, की वगळलेल्या मजकुरात संशयिताच्या फायद्याचं काही आहे का. तो समोरच्या ग्लासमधलं पाणी प्यायला. म्हणाला, "त्या प्रश्नाचं उत्तर या घडीला देणं तपासाच्या हिताचं नाही."

मला डच जेमतेम येतं. पण ते वाक्य मला शब्दन् शब्द कळलं, आणि दुभाष्याने ते भावाच्या कानात सांगितलं तेव्हा त्याची मान खाली गेली. फायद्याचं नाही, असं तो म्हणाला नव्हता. कोर्टाने कोठडी वाढवली. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी जिन्यात सिगरेट काढली, पेटवली नाही. "त्याच्याकडे काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते का दाखवत नाही याची मला भीती वाटतेय."

त्यानंतरच्या शनिवारी काका आलाच नाही. मी दुपारभर खिडकीपाशी होते. न येण्याने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण घरात एकटं बसवेना. मी सुपरमार्केटमध्ये गेले आणि काही न घेता तिथल्या रांगांमधून हिंडत राहिले. माणसं होती आजूबाजूला, तेवढं पुरे होतं.

सोमवारी मी ऑफिसात असताना वकीलबाईंचा फोन आला. "तुमच्या भावाच्या सहकाऱ्याला अटक झाली," त्या म्हणाल्या. "आणि गंमत बघा. त्यानंतर तासाभरात मला मधली सगळी पानं आली. न मागता."

मी संध्याकाळी गेले तेव्हा त्यांनी ती टेबलावर पसरून ठेवली होती. त्यांनी मला इंग्रजीत वाचून दाखवली. "आमचा म्हातारा भारतीयाच्या मशीनवर बसतो," एक मेसेज होता. "तो जेवायला गेला की." दुसऱ्याने विचारलं होतं, "भारतीयाला माहीत आहे?" उत्तर होतं, "त्याला काहीच माहीत नाही. म्हणूनच सोपं आहे."

"हे कधीचे आहेत?" मी विचारलं.

"तुमच्या भावाला अटक झाली त्याच्या आधीचे. पोलिसांनी वाचून त्याचा अहवाल केला तोही अटकेच्या दोन दिवस आधीचा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नसावं.

"त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "म्हातारा कोण, हे नक्की कळलं नव्हतं. संशय होता. तुमच्या भावाला पकडलं की खरा माणूस निर्धास्त होईल आणि त्याच्यामागचे लोक हाती लागतील, असा हिशोब होता. ही पानं माझ्यापासून लपवायला त्यांनी तपासावर देखरेख ठेवणाऱ्या तपास न्यायाधीशांची लेखी परवानगी घेतलीय. सगळं कायद्यात बसतं."

मग त्यांनी शेवटची काही पानं बाजूला काढली. ती मेसेजची नव्हती. पोलिसांनी काकाच्या गाडीत मायक्रोफोन बसवला होता, त्यातलं बोलणं होतं. "हे तुम्ही स्वतः वाचा," म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

डच सोपं होतं, मला कळलं. काका कुणाला तरी सांगत होता, "बहीण शांत आहे. तिला काही माहीत नाही. मी दर आठवड्याला जाऊन येतो."

दुसरा आवाज: "आणि तिला कळलं तर?"

त्यापुढे काकाचं उत्तर असायला हवं होतं. तिथे कंसात फक्त लिहिलं होतं, ऐकू येत नाही.

पानाच्या वर तारीख आणि आमच्या रस्त्याचं नाव होतं. त्या तारखेला मी त्याच्यासमोर कणीक मळत होते. तो आमच्या दारासमोर गाडीत बसून हे बोलला होता, आणि कुठेतरी एक पोलीस हेडफोन लावून ऐकत होता. पुढच्या शनिवारी मी पुन्हा दार उघडलं, तेव्हाही ऐकतच असणार.

भाऊ दोन दिवसांनी सुटला. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत त्याचे कपडे, पट्टा, घड्याळ. आईने व्हिडिओवर त्याला डोक्यापासून पायापर्यंत दाखवायला लावलं आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. काही आठवड्यांनी सरकारी वकिलाने आम्हाला भेटायला बोलावलं. त्याने दिलगिरी व्यक्त केली. भावाला म्हणाला, "तुम्हाला जे सोसावं लागलं त्याबद्दल वाईट वाटतं."

मी विचारलं, "तो माझ्या घरी येतो हे तुम्हाला माहीत होतं. मला का सांगितलं नाही?"

"तातडीचा धोका आहे असं आमचं मत नव्हतं."

"कशावरून?"

त्याने हात टेबलावर एकमेकांवर ठेवले. "ते आमचं मूल्यमापन होतं," म्हणाला. मला वाटतं तो वाईट माणूस नव्हता. त्याला मोठे गुन्हेगार पकडायचे होते आणि त्याने काही पकडलेही. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मला आईच्या त्या ‘कोण ठरवतं’ या प्रश्नाची धार कळली.

आम्ही ब्रेडाचं घर सोडून आइंडहोवनला आलो. खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नवा पत्ता नोंदवताना मी विचारलं की तो इतरांपासून गुप्त ठेवता येईल का. काउंटरवरची मुलगी म्हणाली, येईल. तिने कारण विचारलं नाही. भावाने बंदराचं काम सोडलं आणि एका संशोधन संस्थेत लागला. तो आता पाणी प्यायला उठला तरी कॉम्प्युटर लॉक करतो.

हे सगळं इथे संपायला हरकत नव्हती. पण काकाचा खटला उभा राहायच्या आधी त्याच्या वकिलाचा मला फोन आला.

"माझ्या अशिलाचं म्हणणं आहे," तो म्हणाला, "की त्या गाडीतल्या बोलण्यात, जिथे ऐकू येत नाही असं लिहिलंय, तिथे त्याने सांगितलं होतं, त्या बाईला हात लावायचा नाही. आम्ही मूळ रेकॉर्डिंग मागितलं. सरकारी वकील म्हणतात, लिहून काढलेलं पुरेसं आहे, बाकी महत्त्वाचं नाही. तुम्ही साक्ष द्यायला येणार आहात. ते रेकॉर्डिंग ऐकलं जावं असं तुम्हालाही वाटतं, एवढं न्यायाधीशांना सांगाल का?"

मी फोन ठेवला. भाऊ समोरच होता. ऐकून म्हणाला, "त्याच्यासाठी? ताई, त्याने मला आत बसवलं. तो रोज माझ्या शेजारी बसून हे करत होता."

"माहीत आहे मला."

"मग?"

"तुझी पानं याच सरकारी वकिलाने वगळली होती," मी म्हणाले. "आता काकाची वगळतोय. तेव्हा वाईट होतं तर आता कसं चांगलं?"

तो उठून दुसऱ्या खोलीत गेला.

साक्ष तपास न्यायाधीशांच्या खोलीत झाली. काका तिथे नव्हता, दोन्ही वकील होते. मी सगळं सांगितलं. संत्री, प्रश्न, पेन ड्राइव्ह, दाराकडे बघत बसणं. त्याने मला कधी धमकी दिली नाही, भावाच्या सायकलचं पंक्चर काढून दिलं, हेही सांगितलं. शेवटी माझा जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात ही शेवटची वाक्यं नव्हती. मी म्हणाले, ती घाला. टाइप करणाऱ्या बाईंनी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला. सरकारी वकील खाली कागदांकडे बघत होता. मग मी रेकॉर्डिंगबद्दल म्हणाले, "मलाही ऐकायचंय तिथे काय आहे. ते माझ्याबद्दल आहे."

न्यायाधीशांनी ते तज्ज्ञाकडून साफ करून घ्यायला सांगितलं. वायपरचा आवाज होता म्हणे, तो वेगळा काढला. निकाल कळवायला आमच्याच वकीलबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, भावालाही ऐकू यावं म्हणून.

"हात लावायचा नाही, असं तो म्हणालेला नाही," त्या म्हणाल्या. "आणि दुसरंही काही म्हणालेला नाही. चारच शब्द आहेत. डान झीन वे वेल."

मग बघू. इथे दिवसातून दहा वेळा कानावर पडणारं वाक्य. पाऊस आला तर, ट्रेन चुकली तर, मीटिंग लांबली तर. मग बघू.

"कशा आवाजात म्हणाला?" मी विचारलं.

"मी स्वतः ऐकलं," त्या म्हणाल्या. "आवाजावरून काही कळत नाही."

फोन बंद झाल्यावर भाऊ बराच वेळ टेबलावर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "ताई, हे माहीत नसतं तर बरं झालं असतं का?"

"नाही," मी म्हणाले. मग उठले आणि बाहेरचं दार नीट लागलंय का, ते बघून आले.